जर्मन ग्राहक मंदीत आहे, ९० दिवसांची उधारी मागतोय: पोलंडमधल्या पुरवठादाराने काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: व्रोत्सवाफजवळ ४० माणसांचा कारखाना, सीएनसी लेथ आणि मिलिंगवर स्टीलचे सुटे भाग बनवतो. सत्तर टक्के माल जर्मनीला जातो. सगळ्यात मोठा जर्मन ग्राहक महिन्याला साधारण २ लाख युरोचा माल उचलतो. त्याने पत्र धाडलंय: पेमेंट ६० ऐवजी ९० दिवसांनी आणि भावात ५ टक्के कपात. शिवाय दुसरी एक जर्मन कंपनी, तिचा जुना पुरवठादार बुडाल्यामुळे, मोठं काम देऊ म्हणतेय. आणि चेंबरवाले म्हणतात, शिष्टमंडळाबरोबर चला, मंदीत दोन्ही देशांतले व्यापारी संबंध दृढ करायला हवेत. तिथे विक्री सांभाळणाऱ्या एका मराठी व्यवस्थापकाने विचारलंय की यातलं आधी काय करावं.

शिष्टमंडळाचं शेवटी पाहू. माल गेल्यापासून पैसे येईपर्यंतचा काळ कोण पेलतो आणि कोणत्या कागदावर पेलतो, खरा प्रश्न तो आहे. सुकाळात हा भार दोघांत नकळत वाटला जातो, मंदीत तो हळूहळू पुरवठादाराकडे सरकतो. तो नीट वाटून घेतला तर संबंध टिकतो, नाहीतर सामंजस्य करारावर सह्या असल्या तरी एका दिवाळखोरीत दोन्ही बाजू संपतात.

मंदी म्हटली की सगळं सारखंच थांबतं असंही नाही. २००९ मध्ये जर्मनीचं उत्पन्न सुमारे ५ टक्क्यांनी घसरलं, पण त्याच वर्षी युरोपीय संघात एकटा पोलंड वाढला. जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्याला जर्मन सरकार २५०० युरो देत होतं, लोक छोट्या गाड्या घेत होते आणि त्या छोट्या गाड्या पोलंडमधल्या तिखीच्या कारखान्यात बनत होत्या. जर्मनीची अलीकडची घसरण, २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षांची, वेगळ्या जातीची आहे. वाहन, यंत्रनिर्मिती आणि रसायनं तिथे दुखतंय. रेल्वे, वीजजाळं आणि संरक्षणाकडे उलट पैसा वळतोय: मार्च २०२५ मध्ये जर्मनीने राज्यघटना बदलून ५०० अब्ज युरोचा पायाभूत निधी मोकळा केला. तेव्हा तुमचा ग्राहक यातल्या कोणत्या बाजूला आहे, यावर पुढचं बरंच अवलंबून राहील. ग्राहक तुमचा भाग कशात लावतो हे माहीत नसेल तर पहिला फोन त्यासाठी करा.

आता आकडे मांडू. महिन्याला २ लाखांचं बिल, मुदत ६० दिवस, प्रत्यक्षात १५ दिवस उशीर धरा. म्हणजे कायम ७५ दिवसांची येणी, ५ लाख युरो. त्यात चालू काम मिळवा: स्टीलचे बार (कच्च्या सळ्या) आल्यापासून माल निघेपर्यंत ३० दिवस, खर्चाच्या भावाने साधारण १ लाख ४० हजार. ग्राहक आज बुडाला तर तुमचे ६ लाख ४० हजार अडकतात. मुदत ९० झाली की, तेवढाच उशीर धरून, १०५ दिवसांची येणी ७ लाख, एकूण ८ लाख ४० हजार.

आता त्याच्या दोन मागण्या शेजारी ठेवा. वाढीव २ लाखांवर ८ टक्के व्याज धरलं तर वर्षाला १६ हजार. भावातली ५ टक्के कपात मात्र महिन्याला १० हजार, वर्षाला १ लाख २० हजार. व्याजाच्या हिशेबाने उधारी फार स्वस्त दिसते, म्हणून बरेच जण भाव धरून ठेवतात आणि दिवस देऊन टाकतात. इथेच चूक होते. तुमचा नफा ६ टक्के धरला तर या ग्राहकाकडून महिन्याला १२ हजार सुटतात. ८ लाख ४० हजार बुडाले तर ते भरून काढायला अशाच ७० महिन्यांचा धंदा लागेल, सहा वर्षांचा. भावातली कपात रोज थोडं रक्त काढते, उधारी एका दिवसात मान कापते. दोन्हींना सरळ नकार दिला तर ग्राहक जाईल, हेही खरंच.

यावर सगळ्यात उपयोगी पडणारा उपाय आपल्याकडे पिंपरी-भोसरीच्या कुठल्याही वर्कशॉपला सांगावा लागत नाही: मटेरियल तुमचं, मजुरी आमची. ग्राहकाला म्हणा, ९० दिवस देतो, पण बार तुम्ही पाठवा. स्टीलचा वाटा विक्रीच्या ४५ टक्के असेल तर बिल १ लाख १० हजारांवर येतं. १०५ दिवसांची येणी ३ लाख ८५ हजार, चालू कामात तुमची फक्त मजुरी, ५० हजार. एकूण ४ लाख ३५ हजार. म्हणजे ९० दिवस देऊनही आजच्या ६० दिवसांपेक्षा २ लाखांनी कमी जोखीम. ग्राहकाचं म्हणाल, तर तो मोठा असेल तेव्हा स्टील मिलकडून तुमच्यापेक्षा स्वस्तात उचलतो, म्हणजे भावकपातीची मागणीही तिथेच बरीचशी विरघळते.

फुकट मात्र काही नाही. मटेरियलवरचा तुमचा नफा जातो, तेव्हा मजुरीचा दर नव्याने काढा, जुन्या भावातून ४५ टक्के वजा करून नव्हे. लेथचा कीस कोणाचा, हे लिहून घ्या, वर्षाअखेरीस ती रक्कम लहान नसते. खराब झालेल्या भागांच्या मटेरियलची भरपाई कोण देणार तेही ठरवा. २ टक्क्यांपर्यंत ग्राहकाची, त्यावर तुमची, अशी रेघ ओढता येते. त्याचे बार वेगळ्या रॅकवर ठेवा, हीट नंबर (स्टीलच्या वितळीचा क्रमांक) आणि ३.१ प्रमाणपत्रासकट (मिलचं तपासणी प्रमाणपत्र), कारण तो बुडाला तर त्याचा दिवाळखोरी प्रशासक पहिल्यांदा तेच मागेल. म्हणून सहा आठवड्यांपेक्षा जास्त साठा घेऊ नका. आणि हिशेबनिसाला आधी सांगा: मुख्य मटेरियल ग्राहकाचं झालं की व्हॅटच्या दृष्टीने तुम्ही माल विकत नाही, सेवा देता. सेवेचं ठिकाण ग्राहकाचा देश, कर त्याने तिथे भरायचा, बिलावर तसा उल्लेख. इन्ट्रास्टॅटमध्येही (युरोपीय संघातल्या मालव्यवहाराचं सांख्यिकी विवरण) प्रक्रियेसाठी आलेल्या मालाचे व्यवहार-कोड वेगळे असतात. हे न बदलता जुन्याच पद्धतीने बिलं निघत राहिली तर चूक वर्षभराने तपासणीत सापडते.

ग्राहक बार पाठवायला तयार नसेल तर रोखीची सूट पुढे करा. जर्मनीत १४ दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सूट, नाहीतर पूर्ण मुदत, ही जुनी रीत आहे. ते तिला स्कोंटो म्हणतात. ६० ऐवजी १४ दिवसांत पैसे मिळवण्यासाठी २ टक्के देणं म्हणजे वर्षाला सुमारे १६ टक्के व्याज. तुम्हाला महाग वाटेल, पण यात विम्याचाही अंश आहे. शिवाय ग्राहकाने ५ टक्के कपात मागितलीच आहे, तर त्यातले २-३ टक्के या अटीवर द्या. पैसे वेळेवर आले तरच कपात, अशी बांधलेली सूट नुसत्या भावकपातीपेक्षा केव्हाही बरी.

स्कोंटोचा दुसरा उपयोग इशाऱ्याचा. वर्षानुवर्षं सूट घेणारा ग्राहक ती घ्यायची सोडतो तेव्हा त्याच्या बँकेत काहीतरी बिघडलेलं असतं. ताळेबंद प्रसिद्ध व्हायला वर्ष लागतं, ही गोष्ट पुढच्याच महिन्यात कळते. तसंच बिलांच्या नेमक्या रकमेऐवजी गोल आकडे येऊ लागले, मुदत संपायच्या दोन दिवस आधी अचानक गुणवत्तेची तक्रार आली, किंवा एका बँकेतून येणारं पेमेंट दुसरीकडून येऊ लागलं, तर पत तपासा. क्रेडिटरिफॉर्म या पत तपासणाऱ्या जर्मन कंपनीचा निर्देशांक १०० ते ६०० असतो, १०० सर्वोत्तम. ३०० ओलांडला की नवी उधारी थांबवून बोलणी सुरू करायची. कामगारांचे तास कमी केले, सरकारी भत्त्यावर ठेवले, एवढ्याने मात्र घाबरू नका. कुर्झआर्बाइट ही जर्मनीत नेहमीची सोय आहे, उलट अशी कंपनी कुशल माणसं टिकवून धरतेय असा तिचा अर्थ होतो.

कागदांकडे वळू. जर्मन कायद्यात पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालाची मालकी विक्रेत्याकडे ठेवता येते, नागरी संहितेचं कलम ४४९. तुमचा माल जर्मनीत पोचला की त्याच्या मालकीचा प्रश्न तिथल्या कायद्याने सुटतो आणि ते तुमच्या फायद्याचं आहे, कारण तिथे साधा करार पुरतो. उलट दिशेने, म्हणजे जर्मन विक्रेता पोलंडला विकत असेल तर पोलिश संहितेची कलमं ५८९ आणि ५९० पाहावी लागतात: अट लेखी हवी आणि इतर धनकोंविरुद्ध चालायची तर दस्ताची तारीख प्रमाणित हवी. यातली नेहमीची चूक म्हणजे ही अट फक्त बिलाच्या तळाशी छापणं. बिल माल गेल्यावर निघतं. अट ऑर्डरच्या स्वीकृतीपत्रात किंवा चौकट करारात, माल निघायच्या आधी हवी. तुमचे भाग ग्राहकाच्या यंत्रात बसून पुढे विकले जातात, तेव्हा विस्तारित स्वरूप लागतं, ज्यात पुढच्या विक्रीची येणी तुमच्याकडे वर्ग होतात. खरेदीदाराच्या छापील अटी याला नाही म्हणत असतील तर दोन्हींच्या अटी आपटतात. साधी मालकी टिकायची शक्यता असते, विस्तारित पडते. म्हणून सही असलेला वेगळा कागद घ्या.

त्याच करारात आणखी दोन ओळी. पोलंड आणि जर्मनी दोन्ही संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विक्री कराराचे सदस्य आहेत, त्यामुळे काही लिहिलं नाही तर तोच लागू होतो. जर्मन खरेदीदार तो सहसा वगळतात. वगळू द्यायचा की नाही हे वकिलाला विचारा, पण न वाचता सही करू नका. आणि न्यायालय कोणतं, हे एकाच वाक्यात स्पष्ट लिहा.

डिलिव्हरीची अट 'एक्स वर्क्स' असेल तर बदला. तुमच्या दारातून ग्राहकाची गाडी माल उचलते, पोचल्याचा पुरावा त्याच्याकडे राहतो आणि शून्य टक्के व्हॅट सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. मंदीत भांडण झालं की तो कागद मिळत नाही, मग २३ टक्के पोलिश व्हॅट तुमच्या गळ्यात. डीएपी (माल ग्राहकाच्या ठिकाणापर्यंत तुम्ही पोचवता) किंवा निदान एफसीए (ग्राहकाच्या वाहतूकदाराकडे तुम्ही सोपवता) घ्या, सीएमआर वाहतूकपत्राच्या २४ नंबरच्या चौकोनात माल मिळाल्याची सही-शिक्का परत मागवा, आणि बिल काढायच्या दिवशी ग्राहकाचा व्हॅट क्रमांक व्हीआयईएसवर, म्हणजे युरोपीय संघाच्या ऑनलाइन तपासणी सेवेवर, तपासून त्याची प्रत ठेवा. अंतराचं म्हणाल तर ड्रेस्डेन ए-४ ने जेमतेम २७० किलोमीटर. मात्र जर्मनीने ऑक्टोबर २०२३ पासून आणि पोलंडने जुलै २०२५ पासून सीमेवर तपासणी परत आणली. गोर्लिट्झजवळ रांग लागली तर उतरवायची ठरलेली वेळ चुकते, तेव्हा ती वेळ सकाळी पहिली घेऊ नका.

क्रेडिट इन्शुरन्स, म्हणजे उधारी बुडाली तर भरपाई देणारा विमा, घ्यायचा का? घ्या, पण मंदी लागल्यावर धावत जाऊ नका. विमा कंपनी प्रत्येक ग्राहकाला मर्यादा देते आणि ती केव्हाही कमी करू शकते. कमी केलेली मर्यादा पुढच्या मालाला लागते, आधी गेलेल्याला नाही. भरपाई सहसा नुकसानाच्या ८५ ते ९५ टक्के. तुमच्यासारख्यांची फसगत होते ती चालू कामात: ग्राहकाच्या ड्रॉइंगवर बनवलेला भाग दुसऱ्या कोणाला विकता येत नाही आणि साधी पॉलिसी फक्त रवाना झालेला माल धरते. उत्पादन-जोखमीचं कलम वेगळं मागावं लागतं. दुसरी चूक थकबाकी कळवायला उशीर करणं. मुदतीनंतर ठराविक दिवसांत कळवलं नाही किंवा कळवूनही माल पाठवत राहिलात तर दावा नाकारला जातो. ग्राहकाशी संबंध बिघडतील म्हणून गप्प बसणारे इथे सापडतात. सरकार मधे पडेल या भरवशावर राहू नका: युरोपीय संघात कमी मुदतीच्या जोखमीचा विमा हे खासगी बाजाराचं काम मानलं जातं, सरकारी विम्याला त्यात बंदी असते. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे ती बंदी उठवली गेली, तीही तात्पुरती.

थकबाकी झालीच, तर कायदा तुमच्या बाजूने बऱ्यापैकी आहे. उशिराचं व्याज जर्मन कायद्यात मूळ दराच्या वर ९ टक्के, शिवाय वसुलीचे ठरावीक ४० युरो. ग्राहक रक्कम मान्य करतोय, फक्त देत नाहीये, तर युरोपीय पेमेंट ऑर्डर, म्हणजे न्यायालयाचा वसुली आदेश, हा स्वस्त मार्ग आहे. जर्मन कर्जदारांविरुद्धचे अर्ज बर्लिनच्या वेडिंगमधल्या न्यायालयात जातात, अर्ज छापील, वकील सक्तीचा नाही. ग्राहकाला विरोधाला ३० दिवस असतात आणि कारण न देता विरोध करता येतो. मग नेहमीचा खटला. म्हणून वाद असलेल्या बिलासाठी हे वापरण्यात अर्थ नाही.

हप्ते बांधून द्यायची वेळ आली तर लेखी बांधा. जर्मनीत ग्राहकाच्या दिवाळखोरीनंतर प्रशासक तुम्हाला आधी मिळालेले पैसे परत मागू शकतो, चार वर्षं मागे जाऊन, तुम्हाला त्याची अवस्था माहीत होती असं दाखवून. २०१७ च्या दुरुस्तीनंतर रीतसर हप्तेबंदी असेल तर तुम्हाला माहीत नव्हतं असं गृहीत धरलं जातं. पण ईमेलमध्ये "तुम्ही बुडणार हे दिसतंय, निदान आमचे तरी द्या" असं कोणी लिहून ठेवलं, तर ते गृहीतक तुम्हीच मोडलंत.

चलनाबद्दल थोडं. तुमची आवक युरोत, पगार झ्लॉटीत. २००८ च्या उन्हाळ्यात एका युरोला ३.२० झ्लॉटी पडत होते, फेब्रुवारी २००९ मध्ये ४.९० च्या जवळ. निर्यातदाराला हा लाभ व्हायला हवा होता. पण कित्येक पोलिश कंपन्यांनी झ्लॉटी आणखी वधारेल म्हणून बँकांशी 'फुकट' वाटणारे ऑप्शन करार (ठरलेल्या दराने चलन घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क) केले होते, ज्यात त्यांनी स्वतःच ऑप्शन विकलेले होते, काहींनी तर निर्यातीपेक्षा जास्त रकमेचे. चांगले चालणारे कारखाने त्यात झोपले. स्टीलही युरोत घेत असाल तर २ लाखांतले ९० हजार आपोआप जुळतात, उरलेल्या १ लाख १० हजारांपैकी अर्ध्याचं फॉरवर्ड (पुढच्या तारखेचा दर आजच बांधणं) तीन ते सहा महिन्यांसाठी, तेही पक्क्या ऑर्डरींचंच. ऑप्शन विकत घेता येतो. विकायचा कधीच नाही. बार ग्राहकाकडून येऊ लागले की स्टीलची युरो खरेदी संपते, पण आवकही १ लाख १० हजारांवरच येते, तेव्हा आकडा तोच राहतो.

दुसऱ्या कंपनीच्या मोठ्या कामाचं: मंदीत नवा पुरवठादार शिरतो तो बहुधा असाच, कोणीतरी बुडाल्यावर. खरेदीदार घाईत असतो, म्हणून अटी घालायची हीच वेळ. जुन्या कारखान्यातली फिक्स्चर आणि टूलिंग कोणाच्या मालकीची, याचा कागद मागा, नाहीतर प्रशासक ती सोडणार नाही आणि तुम्ही तारीख देऊन बसाल. नव्या टूलिंगचे अर्धे पैसे ऑर्डरबरोबर, अर्धे पहिल्या नमुन्याचा तपासणी अहवाल मंजूर झाल्यावर. त्या मंजुरीआधी मोठा लॉट चालवू नका, ते कितीही घाई करोत. पहिले तीन महिने १४ दिवसांची मुदत, विम्याची मर्यादा मिळाली की ३०. आणि दोन्ही ग्राहक वाहन उद्योगातलेच असतील तर जोखीम वाटली गेली असं समजू नका. रेल्वेकडे वळायचं असेल तर आयएसओ २२१६३ (रेल्वे उद्योगाचं गुणवत्ता मानक) ची तयारी आत्ता सुरू करा.

एप्रिल २०२६ पासून तुमच्या आकाराच्या पोलिश कंपन्यांना परदेशी ग्राहकाचं बिलही केएसईएफ या सरकारी ई-बिल प्रणालीतून काढावं लागतं. ते जर्मन ग्राहकाला तिथे दिसत नाही, ठरलेल्या मार्गाने क्यूआर कोडसह वेगळं पाठवायचं. हा मार्ग आणि ईमेल पत्ता करारात लिहा, नाहीतर "बिल मिळालंच नाही" या सबबीवर दोन आठवडे सहज जातात.

आता शिष्टमंडळ. जा, पण यादी घेऊन. पोलिश-जर्मन चेंबरला किंवा एंटरप्राइज युरोप नेटवर्कला आठ आठवडे आधी कळवा की कोणत्या दहा कंपन्यांचा खरेदी विभाग भेटायला हवा. जर्मनमध्ये एक पान तयार करा: यंत्रांची यादी, जास्तीत जास्त व्यास, नेहमी पाळता येणारा टॉलरन्स, परवडणारा लहानात लहान लॉट, मोजमापाचं यंत्र कोणतं. कंपनीचा इतिहास आणि ध्येयवाक्य नको, ते कोणी वाचत नाही. हॅनोव्हरसारख्या मोठ्या प्रदर्शनात स्टॉल मांडण्यापेक्षा तुमच्या आकाराच्या कारखान्याला अशा दहा भेटी जास्त देतील. आणि विक्रीच्या माणसाबरोबर हिशेब पाहणाऱ्यालाही न्या. समोरून ९० दिवसांची मागणी आली की बार ग्राहकाने पाठवले तर काय आणि आपण लावले तर काय, हे दोन्ही आकडे त्याला तिथेच टेबलावर सांगता आले पाहिजेत.